देवळी : गाव की शहर? आपल्या गावाचा पाठ शिकवताना



परवा पाचवीच्या वर्गाला 'माझे गाव' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. वह्या तपासायला घेतल्या आणि गंमत झाली. निम्म्या मुलांची पहिली ओळ होती, 'देवळी हे एक छोटेसे खेडे आहे.' उरलेल्यांची, 'देवळी हे एक शहर आहे.' पुढच्या ओळी मात्र सगळ्यांच्या सारख्याच. गाव नदीकाठी वसलेले आहे, सगळीकडे हिरवीगार झाडे आहेत, लोक गुण्यागोविंदाने राहतात. म्हणजे गाईडमधलं गाव. एका मुलाने तर तीनच ओळी लिहिल्या होत्या. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, देवळीत लिहाले हायच काय? वर्धेत राहिलो असतो तर लिवलं असतं."

मी त्याला रागावले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही चटकन दहा ओळी सुचल्या नसत्या. मी इथे इतकी वर्षं शिकवते, रोज बसस्टँडवरून चालत येते, आणि तरी 'देवळीत आहे काय?' या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मग जरा वाचलं, जुन्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे. तुम्ही दुसऱ्या कोणत्या छोट्या गावात शिकवत असाल तर नावं बदलतील, पण पाठाची रीत तीच राहील.

आधी वर्गातलं भांडण मिटवू. देवळी गाव की शहर?

राहणीमानाने पाहिलं तर गावच. सकाळी बैलबंड्या आणि ट्रॅक्टर शेताकडे निघतात, कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली हजेरी कमी होते, आणि कोणाच्या घरी काय शिजलं ते गल्लीला माहीत असतं. कापूस, सोयाबीन, तूर या तीन पिकांवर घरचं वर्ष ठरतं. अलीकडे एमआयडीसी आली, काही घरांतली माणसं पाळीवर जायला लागली, तरी बोलणं पावसाचंच असतं.

पण कायद्याने देवळी शहर आहे. आपल्याकडे जनगणनेत 'शहर' दोन प्रकारे ठरतं. जिथे नगर परिषद, नगर पंचायत, महानगरपालिका किंवा कटक मंडळ आहे ते ठिकाण आपोआप शहर. तिथे किती लोक शेती करतात हे कोणी विचारत नाही. दुसरा प्रकार म्हणजे नगरपालिका नसलेलं, पण लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, असं ठिकाण. देवळी पहिल्या प्रकारात बसते. इथे नगर परिषद आहे, म्हणून ते शहर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या वीस हजारांच्या आतबाहेर होती. १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषदा अधिनियमात नगर परिषदांचे तीन वर्ग आहेत. एक लाखाच्या वर लोकसंख्या असेल तर 'अ', चाळीस हजार ते एक लाख 'ब', आणि चाळीस हजारांपर्यंत 'क'. आपण 'क' वर्गात.

सहावीच्या नागरिकशास्त्रात 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' आणि 'शहरी स्थानिक शासन संस्था' असे दोन वेगळे पाठ आहेत. मुलं दोन्ही पाठ करतात, आणि आपल्या घराला यातला कोणता लागू होतो ते त्यांना सांगता येत नाही. देवळीच्या मुलांचा गोंधळ तर दुप्पट. कारण हे तालुक्याचं ठिकाण. पंचायत समितीचं कार्यालय देवळीत आहे, पण पंचायत समिती देवळीसाठी नाही! ती तालुक्यातल्या खेड्यांसाठी आहे. देवळीतला मतदार जिल्हा परिषदेला किंवा पंचायत समितीला मत देत नाही, तो नगर परिषदेला देतो. त्याच्या घराचा कर ग्रामपंचायतीत नाही, नगर परिषदेत भरला जातो. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, आणि गावकारभाराच्या दप्तरासाठी ग्रामसेवकाऐवजी मुख्याधिकारी. तहसील कार्यालय मात्र दोघांचंही, कारण ते महसूल खात्याचं. हे मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढते. ज्यांची घरं देवळीत आहेत ती मुलं एका रंगात, जी आजूबाजूच्या खेड्यांतून येतात ती दुसऱ्या रंगात. पंधरा मिनिटांत कळतं. पुस्तकावरून शिकवलं तर दोन तास जातात.

एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, नगराध्यक्ष मोठा का मुख्याधिकारी मोठा?" छान प्रश्न आहे, टाळू नका. नगराध्यक्ष लोक निवडतात. सध्या थेट जनतेतून, पण ही पद्धत मध्ये मध्ये बदलत आली आहे, म्हणून जुन्या गाईडवर विसंबू नका. नगरसेवक प्रभागांतून निवडून येतात आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. मुख्याधिकारी शासन नेमतं. काय करायचं ते निवडून आलेली सभा ठरवते, आणि ते नियमात बसवून करवून घेणं मुख्याधिकाऱ्याचं काम. निवडणुका लांबल्या तर प्रशासक बसतो. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांनी मधल्या काळात काही वर्षं असा कारभार पाहिला आहे. मुलांना हे सांगताना मी शाळेच्या मंत्रिमंडळाचं उदाहरण देते. मंत्रिमंडळ ठरवतं सहल कुठे न्यायची, पण बसचं बिल आणि पालकांची संमतीपत्रं बघणारी मॅडम वेगळी असते. उदाहरण अगदी तंतोतंत नाही, पण पाचवीला पुरतं.

पालकहो, आता जरा इकडे लक्ष द्या, कारण हा नुसता परीक्षेतला प्रश्न नाही.

पाचवीतली मुलं नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसतात. आपल्या जिल्ह्याचं नवोदय सेलूकाटे इथे आहे. त्यात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. पण 'ग्रामीण' म्हणजे शेतकऱ्याचं किंवा मजुराचं मूल नव्हे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी भागातल्या शाळेत शिकलं तरी ते शहरी उमेदवार धरलं जातं. आणि देवळी शहरी आहे! आई-वडील दोघंही रोज दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात, घर मातीचं आहे, तरी देवळीतल्या शाळेत शिकणारी त्यांची मुलगी या परीक्षेत 'शहरी'. उलट चार किलोमीटरवरच्या खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकणारं बागायतदाराचं मूल 'ग्रामीण'.

हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाच्या अर्जात मी स्वतः 'ग्रामीण' लिहायला सांगितलं होतं. एका अनुभवी सरांनी अर्ज जाण्याआधी बघितलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी दरवर्षी दुसरीच्या पालकांना सांगत असते. खेड्यातली बरीच मंडळी मूल हुशार दिसलं की तिसरीत देवळीला आणून घालतात, 'तालुक्याची शाळा बरी' म्हणून. आणा, हरकत नाही. पण नवोदयचा विचार असेल तर या एका बदलाने ग्रामीण जागेचा हक्क जातो हे आधी समजून घ्या, मग ठरवा. त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्यासुद्धा.

घरकुलाचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग वेगळा, शहरी भाग वेगळा. देवळीतलं कुटुंब शहरी भागात येतं आणि अर्ज नगर परिषदेत जातो. पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून हातात काही पडत नाही. कार्यालयं जवळजवळ असल्यामुळे लोकांची फसगत होते. एखाद्या मुलाने पाठ नीट ऐकला तर तो घरी जाऊन बापाला योग्य दार दाखवू शकतो. असं एकदा झालं आहे, म्हणून सांगते.

मग प्रश्न येतो, एवढ्याशा गावात नगरपालिका आली कशी? इथून इतिहास सुरू होतो, आणि मला तो फार आवडतो.

वर्धा जिल्हाच १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. तेव्हा मुख्यालय वर्ध्याला नव्हतं. ते होतं पुलगावजवळच्या कवठ्याला, म्हणजे आजच्या देवळी तालुक्यात! १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं शहर आखून मुख्यालय तिकडे नेलं, तेच आजचं वर्धा. मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात. ज्या वर्धेचं त्यांना अप्रूप, ती वर्धा तेव्हा आखली जात होती, आणि देवळीचा बाजार भरत होता.

देवळीला नगरपालिका मिळाली १८६७ साली. कारण कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याच्या काळ्या मातीवर पडली. हिंगणघाटचा कापूस तर नावाजलेलाच होता. देवळीही कापसाची मोठी पेठ होती. पुढे इथे रेचे म्हणजे जिनिंग, आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले. जिथे बाजार तिथे गाड्या, गुरं, वस्तीला येणारी माणसं, घाण आणि पाण्याची ओढाताण. त्याची व्यवस्था लावायला नगरपालिका हवी. १९०१ साली देवळीची लोकसंख्या जेमतेम पाच हजार होती. आज एवढी वस्ती असलेल्या गावाला आपण मोठी ग्रामपंचायत म्हणतो.

आणि त्याच १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. पण ती देवळीवरून गेली नाही. रूळ उत्तरेकडून, पुलगाववरून वर्ध्याला गेले. देवळीला सगळ्यात जवळचं स्टेशन दहेगाव, आठेक किलोमीटरवर. पुढे काय झालं ते नकाशावर दिसतंच. पुलगावला स्टेशन, मग कापड गिरणी, मग लष्कराचं दारूगोळ्याचं भांडार. पुलगाव वाढलं. आज तालुका देवळी, पण तालुक्यातलं मोठं शहर पुलगाव. देवळीला राहिला वर्धा-यवतमाळ रस्ता, वर्ध्यापासून १८ किलोमीटर.

रेल्वे शेवटी आली, पण कधी? वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला आणि देवळीच्या स्टेशनात प्रवासी गाडी थांबली. १८६७ आणि २०२४. वजाबाकी मुलांनाच करायला सांगा. १५७ वर्षं! आमच्या वर्गात एकाने लगेच विचारलं, "मंग तेव्हाच आली असती तर आपण पुलगावपेक्षा मोठे झालो असतो का?" याचं एक उत्तर नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न वर्गात एक तास चालतो. मी त्यांना दोन गट करून वाद घालायला लावलं. एक गट म्हणाला कारखाने आले असते. दुसरा म्हणाला मग यात्रा, बाजार, शेतं, हे राहिलं असतं का? मिरणनाथ महाराजांच्या यात्रेचं नाव निघाल्यावर पहिला गटही थोडा डळमळला. यात्रा म्हणजे पोरांच्या जिव्हाळ्याचा विषय!

आता त्याहून जुनी गोष्ट. आपल्या पाठ्यपुस्तकात ताम्रपट हा शब्द येतो, मुलं 'तांब्याचा पत्रा' एवढं लिहून मोकळी होतात. पण एक महत्त्वाचा ताम्रपट देवळीलाच सापडला आहे, हे किती जणांना माहीत आहे? राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, शके ८६२ म्हणजे इसवी सन ९४० चा. अभ्यासकांत तो 'देवळी ताम्रपट' म्हणूनच ओळखला जातो. त्याचं वाचन प्रसिद्ध केलं रा. गो. भांडारकर यांनी. त्यात राजाने एक गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि ते गाव 'नागपुर-नंदिवर्धन' या विभागात असल्याचं म्हटलं आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. नागपूर हे नाव लेखात पहिल्यांदा दिसतं ते इथे. एवढ्या मोठ्या नागपूरच्या नावाचा सगळ्यात जुना पुरावा आमच्या देवळीत सापडला! त्या तीन ओळीवाल्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "खरं सांगता का मॅडम?"

इथे शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. उत्साहाच्या भरात 'देवळी हजार वर्षांपूर्वी दान मिळालेलं गाव' असं सांगून टाकू नका. ताम्रपट देवळीला सापडला, पण दान दिलेलं गाव दुसरं. सापडण्याची जागा आणि मजकुरातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताम्रपट हा त्या काळचा सातबारा समजा. सातबारा पेटीत घरी असतो, शेत असतं दुसरीकडे. आमच्या मुलांना हे सेकंदात समजलं, कारण सातबारा त्यांच्या घरी असतोच.

देवळी या शब्दावरही थोडं बोलता येतं. मराठीत देवळी म्हणजे भिंतीतला छोटा कोनाडा, जिथे दिवा किंवा देव ठेवतात. जुन्या मातीच्या घरांत अजून आहे. गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण शब्द दाखवायला एक जुनं घर पुरतं, आणि सिमेंटच्या घरातल्या मुलांना तो पाहिला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम सगळं गावाचंच सांगतात, जगाचं काही नाही. सांगते.

गेल्या काही वर्षांत असं एकही प्रशिक्षण झालं नसेल ज्यात फिनलंडचं नाव आलं नाही. तिथल्या शाळा, तिथले शिक्षक, तिथे परीक्षा कमी, गृहपाठ कमी. आपण टाळ्या वाजवतो, चहा घेतो, घरी येतो. पण त्या शाळा चालवतं कोण, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उत्तर असं की बहुतेक शाळा तिथली नगरपालिका चालवते. फिनिश भाषेत तिला 'कुन्ता' म्हणतात. देशात अशा तीनशेहून थोड्या जास्त आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी आपल्या देवळीपेक्षा लहान. काहींची लोकसंख्या हजाराच्याही आत, मधे जंगल आणि तळी. शाळा, वाचनालय, रस्त्यावरचा बर्फ काढणं, यातलं बरंच काही तिच्याकडे; म्हाताऱ्यांची देखभालही २०२२ पर्यंत तिच्याकडे होती. त्यासाठी लोकांच्या उत्पन्नावरचा कराचा एक भाग ती स्वतः ठरवते आणि घेते.

आपल्या नगर परिषदेला हे शक्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजाराचं भाडं हे आपलं उत्पन्न, बाकी मोठा भार शासनाच्या अनुदानावर. पूर्वी जकात होती. राज्यातल्या नगर परिषदांची जकात १९९९ साली बंद झाली. जुन्या माणसांना गावाच्या वेशीवरचे नाके आठवतात, मुलांना 'जकात' शब्दही माहीत नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय लिहिले, १९९३ पासून ती लागू आहे. विषय मिळाले, पैसा आणि माणसं त्या प्रमाणात मिळाली का, हा मोठ्यांनी विचारायचा प्रश्न. फिनलंडच्या शाळेची नक्कल करायची म्हणून वर्गात रंगीत खुर्च्या आणणं सोपं आहे. त्या शाळेमागे उभी असलेली गावाची सत्ता आणणं अवघड.

एक योगायोग बघा. फिनलंडमध्ये ग्रामीण नगरपालिका चर्चच्या कारभारातून वेगळ्या करण्याचा हुकूम निघाला १८६५ मध्ये, म्हणजे देवळीच्या नगरपालिकेच्या फक्त दोन वर्षं आधी. त्या वेळी तो देश रशियाच्या झारच्या अमलाखाली आणि आपण इंग्रजांच्या. आणि गाव की शहर हे आमच्या वर्गातलं भांडण तिथे होणारच नाही, कारण तिथल्या कायद्यात शहर आणि ग्रामीण नगरपालिका यांत आता फरकच नाही. ज्या नगरपालिकेला वाटेल तिने स्वतःला शहर म्हणावं. नवोदयच्या अर्जासारखी भानगड नाही!

तिथली आणखी एक गोष्ट मला विचारात पाडून गेली. प्रत्येक नगरपालिकेची भाषा ठरलेली असते. देशात फिनिश आणि स्वीडिश अशा दोन राष्ट्रीय भाषा. ज्या नगरपालिकेत दुसऱ्या भाषेची माणसं किमान ८ टक्के किंवा किमान ३,००० असतील ती द्विभाषिक, नाहीतर एकभाषिक. दर दहा वर्षांनी हिशेब पुन्हा होतो. एके काळी तिथला कारभार, कोर्ट, वरचं शिक्षण सगळं स्वीडिशमध्ये चालायचं, फिनिश ही शेतकऱ्यांची भाषा मानली जायची. १८६३ मध्ये तिला स्वीडिशच्या बरोबरीने आणण्याचा हुकूम झाला. शेतकऱ्यांच्या त्याच भाषेत आज त्या जगप्रसिद्ध शाळा चालतात.

आणि त्या फिनिशमध्येही बोली आहेत. पुस्तकात 'मी' ला 'मिना' म्हणतात, पूर्वेकडच्या गावांत 'मिए', हेलसिंकीच्या रस्त्यावर 'मॅ'. हे वाचलं आणि मला माझी एक जुनी चूक आठवली.

नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'आईनं मले नवीन फ्राक आनला.' मी 'मले' वर लाल गोल केला, 'आनला' वर दुसरा, आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं हसली. ती मुलगी त्यानंतर कितीतरी दिवस वर्गात बोललीच नाही. उत्तर माहीत असायचं, हात वर व्हायचा नाही. चूक मुलीची नव्हती, माझी होती. मी स्वतः घरी आईशी 'मले' च बोलते!

आपली बोली वऱ्हाडी-नागपुरी. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीवर आहे, १९०५ चा. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची वेगळी नोंद आहे आणि दोन्ही जवळजवळ एकच असल्याचं म्हटलं आहे. म्हणजे ही मोडकीतोडकी मराठी नाही, तिला तिचे नियम आहेत. 'ला' च्या जागी नेमाने 'ले' येतं: मले, तुले, शाळेले. 'ळ' चा 'य' होतो: डोया, काया. 'करतो आहे' ऐवजी 'करून रायला'. हे शेवटचं रूप हिंदीच्या 'कर रहा' शेजारी ठेवून बघा. आपण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर, आणि कारभाराच्या भाषा हिंदी आणि मराठी दोन्ही. शेजार असला की बोलण्यात दिसतोच. आणि कोणाला वाटत असेल की मराठीचं घर पुण्यातच, तर त्यांनी नकाशात रिद्धपूर शोधावं. आपल्या वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ लीळाचरित्र तेराव्या शतकात तिथे लिहिला गेला.

पालक मला सांगतात, "मॅडम, पोराले शुद्ध बोलाले शिकवा." शिकवते. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, परीक्षा आणि अर्ज त्याच भाषेत असतात. पण आता मी फळ्यावर दोन रकाने करते. एका बाजूला 'घरी', दुसऱ्या बाजूला 'वहीत'. मले, मला. काहून, का. पोट्टा, मुलगा. लाल गोल नाही. चौथीतली मुलं महिनाभरात आपणहून बदल करायला लागतात, आणि हात वर करायला घाबरत नाहीत.

खरं म्हणजे परिसरातून आणि मातृभाषेतून शिकवायचं, हे ऐकायला फिनलंडला जायची गरज नव्हती. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. हाताचं काम, गावाचा परिसर, मातृभाषा. देवळीपासून तासाभराच्या आत जाता येईल अशा सेवाग्रामला तिचं केंद्र होतं. आमच्या डीएडच्या पुस्तकात त्यावर पाच मार्कांची टीप होती. मी ती पाठ करून लिहिली होती, पूर्ण मार्क मिळाले होते, आणि मग विसरून गेले होते.

आता थोडं करायचं काय, त्याविषयी. मी हा पाठ पोळ्याच्या आठवड्यात घेते. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून फिरवतात. नागपूरच्या भोसल्यांपासूनची ही चाल सांगतात, आणि जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर बघण्यासारखा, माणसापेक्षा उंच लाकडी नंदी असतात. पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या शिक्षकांना हा सण माहीतच नसतो, त्यांनी मुलांकडूनच शिकावा. लाकडी बैल कोणी केला, कोणतं लाकूड, चाकं कशी, किंमत किती, हे विचारून आणायला लावलं की कारागिरी, गणित आणि भाषा एकदमच होतात.

दुसऱ्या दिवशी गावाचा नकाशा. मोठ्या खाकी कागदावर आधी रस्ता, मग बाजार, मग कार्यालयं. प्रत्येक कार्यालयाला रंग: नगर परिषदेचा एक, जिल्हा परिषद-पंचायत समितीचा दुसरा, महसुलाचा तिसरा. जुनी जिनिंग कुठे होती ते आजोबांना विचारून. आखाडा कुठे होता, तेही. कुस्तीचं वेड इथे जुनं आहे, दोनदा वर्ध्याचे खासदार राहिलेले रामदास तडस हे देवळीचेच, आणि मूळचे पैलवान. पोरांना त्यांच्या राजकारणापेक्षा कुस्त्यांतच जास्त रस असतो, तो असू द्यावा.

यंदा नकाशात एक अडचण आली. स्टेशन कागदावर मावेना. गावाच्या मानाने ते बाजूला पडतं आणि कागद संपला होता. त्या तीन ओळीवाल्या मुलाने दुसरा कागद आणून डिंकाने चिकटवला, त्यावर रूळ काढले, एका टोकाला 'वर्धा' लिहिलं, दुसऱ्या टोकाला 'कळंब', आणि मला म्हणाला, "मॅडम, नांदेड लिवू का? अजून तिथवर गेली नाई ना गाडी." मी म्हटलं, पेन्सिलीने लिही.